पोकर स्पर्धांतील चढउतार

पोकर स्पर्धांतील चढउतार म्हणजे पोकरच्या स्पर्धा व्यवसाय म्हणून खेळणाऱ्या खेळाडूंच्या मिळकतीत दिसणारी मोठी अस्थिरता होय. खेळाचा दर्जा कायम असतानाही अशा खेळाडूला अनेक महिने सलग तोटा होऊ शकतो आणि वर्षभराची सगळी कमाई एखाद्याच स्पर्धेतून होऊ शकते. संख्याशास्त्रातील 'प्रचरण' या संकल्पनेच्या इंग्रजी नावावरून खेळाडू या अस्थिरतेला 'व्हेरियन्स' म्हणतात. तोट्याच्या लांबलेल्या काळास 'डाउनस्विंग' आणि नफ्याच्या काळास 'अपस्विंग' अशी नावे रूढ आहेत.

हे चढउतार खेळाच्या रचनेतूनच निर्माण होतात. त्यामुळे ते पूर्णपणे टाळता येत नाहीत. त्यांचा आर्थिक व मानसिक आघात मात्र कमी करता येतो. त्यासाठी राखीव रकमेचे नियोजन, जोखमीची वाटणी आणि भावनांवरील नियंत्रण असे उपाय केले जातात. होत असलेला तोटा दुर्दैवामुळे आहे की निकृष्ट खेळामुळे, हे अल्प काळात निश्चितपणे सांगता येत नाही. या व्यवसायातील सर्वांत अवघड प्रश्न हाच मानला जातो.

## चढउतारांचे मूळ

पोकर दोन प्रमुख पद्धतींनी खेळला जातो. रोख खेळात प्रत्येक चिपला तिच्यावरील रकमेइतकेच मूल्य असते आणि खेळाडू हवे तेव्हा उठून चिपांचे पैसे घेऊ शकतो. स्पर्धेत मात्र सर्व खेळाडू ठरावीक प्रवेश शुल्क भरून सारख्या चिपा घेतात. या चिपांचे पैसे करता येत नाहीत; त्या संपल्या की खेळाडू बाद होतो. 'ब्लाइंड' नावाच्या सक्तीच्या पैजा ठरावीक वेळाने वाढत जातात. त्यामुळे चांगल्या पत्त्यांची वाट पाहत बसणे परवडत नाही आणि सर्व चिपा पणाला लावण्याचे प्रसंग वारंवार येतात.

टेक्सास होल्डम या सर्वाधिक प्रचलित प्रकारात अशा प्रसंगी उत्तम हातालाही विजयाची खात्री नसते. हातात दोन एक्के असलेल्या खेळाडूची दोन राजे असलेल्या खेळाडूविरुद्ध जिंकण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के असते. म्हणजे साधारणपणे दर साडेपाच वेळांमागे एकदा तो हरतो. दोन राण्या विरुद्ध एक्का-राजा या लढतीत राण्यांची बाजू ५५ टक्क्यांच्या आसपासच असते. खेळाडू अशा लढतीला 'नाणेफेक' म्हणतात. एखाद्याने पाच वेळा ८० टक्के अनुकूल स्थितीत सर्व चिपा लावल्या, तरी पाचही वेळा जिंकण्याची शक्यता ३३ टक्क्यांहून किंचित कमी भरते.

बक्षिसांच्या वाटपामुळे ही अनिश्चितता आणखी वाढते. मोठ्या स्पर्धांत साधारणतः १० ते १५ टक्के खेळाडूंनाच बक्षीस मिळते आणि रकमेचा मोठा भाग पहिल्या काही क्रमांकांकडे जातो. लास वेगासमधील 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' या मालिकेच्या मुख्य स्पर्धेचे प्रवेश शुल्क १०,००० डॉलर आहे. २०२३ साली तीत १०,०४३ खेळाडूंनी भाग घेतला. त्यांपैकी १,५०७ जणांना बक्षीस मिळाले व उरलेले ८,५३६ जण रिकाम्या हाताने परतले. सर्वांत लहान बक्षीस १५,००० डॉलरचे होते, तर विजेत्या डॅनियल वाइनमनला १ कोटी २१ लाख डॉलर, म्हणजे एकूण बक्षीस रकमेच्या सुमारे १३ टक्के मिळाले.

खेळाडूंची संख्या वाढली की चढउतारही तीव्र होतात. २००३ साली याच स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला हौशी खेळाडू क्रिस मनीमेकर त्या वर्षी विजेता ठरला आणि त्यानंतर खेळाची लोकप्रियता झपाट्याने वाढली. २००६ मध्ये ही संख्या ८,७७३ वर पोहोचली. दहा हजार खेळाडूंच्या स्पर्धेत सरासरीच्या दुप्पट विजयाची शक्यता असलेला खेळाडूही सरासरीने पाच हजार प्रयत्नांत एकदाच पहिला येतो. ही स्पर्धा वर्षातून एकदाच होत असल्यामुळे कोणत्याही खेळाडूच्या आयुष्यात 'सरासरी' गाठण्याइतके प्रयत्न होतच नाहीत.

## गणिती स्वरूप

दर शंभर स्पर्धांपैकी सरासरीने १५ स्पर्धांत बक्षीस मिळवणाऱ्या खेळाडूचे उदाहरण घेतल्यास, सलग दहा स्पर्धांत काहीही न मिळण्याची शक्यता सुमारे २० टक्के आणि सलग वीस स्पर्धांत सुमारे ४ टक्के येते. चार टक्के ही संख्या लहान वाटते. परंतु पाचशे स्पर्धांच्या कालावधीत सलग वीस अपयशांची किमान एक मालिका येण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक असते. एरवी अपवाद वाटणारा हा अनुभव दीर्घ कारकिर्दीचा नेहमीचा भाग ठरतो.

नफा-तोट्याचा अंदाज घेण्यासाठी परताव्याची सरासरी आणि प्रमाण विचलन या दोन्हींची गरज असते. समजा, एखाद्या खेळाडूला प्रत्येक स्पर्धेत प्रवेश शुल्काच्या २० टक्के सरासरी नफा होतो आणि त्याच्या निकालांचे प्रमाण विचलन पाच प्रवेश शुल्कांइतके आहे. हा परतावा उत्तम खेळाडूचा मानला जातो. ढोबळ गणिताने त्याचे चित्र असे दिसते:

- १०० स्पर्धा: अपेक्षित नफा २० शुल्कांचा, प्रमाण विचलन ५० शुल्कांचे, एकूण तोट्यात असण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के.
- ४०० स्पर्धा: अपेक्षित नफा ८० शुल्कांचा, प्रमाण विचलन १०० शुल्कांचे, तोट्याची शक्यता सुमारे २१ टक्के.
- २,५०० स्पर्धा: अपेक्षित नफा ५०० शुल्कांचा, प्रमाण विचलन २५० शुल्कांचे, तोट्याची शक्यता सुमारे २ टक्के.

स्पर्धांची संख्या वाढते तसा नफा त्याच प्रमाणात वाढतो, विचलन मात्र संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दीर्घ काळात कौशल्य वरचढ ठरते. मोजकी मोठी आणि बहुसंख्य शून्य बक्षिसे असल्यामुळे थोड्या स्पर्धांतील तोट्याची प्रत्यक्ष शक्यता वरील आकड्यांहून जास्तच असते. ऑनलाइन खेळाडू एकाच वेळी अनेक पटांवर खेळून वर्षात हजारो स्पर्धा पूर्ण करू शकतो. प्रत्यक्ष भरणाऱ्या स्पर्धांसाठी प्रवास करणाऱ्याला मात्र वर्षाकाठी शंभर-दोनशे स्पर्धाही जड जातात. त्याच्या बाबतीत 'दीर्घ काळ' म्हणजे दहा-बारा वर्षे किंवा त्याहूनही अधिक असू शकतो.

## कौशल्य आणि नशीब यांतील भेद

डाउनस्विंगमध्ये सापडलेल्या खेळाडूला दोन विरुद्ध चुकांचा धोका असतो. तोटा निव्वळ दुर्दैवाचा असताना आपला खेळच बिघडला असे समजून तो योग्य पद्धती सोडून देतो, ही पहिली चूक. खेळात खरोखर उणीव असताना सर्व दोष नशिबाला देऊन तो सुधारणेची संधी घालवतो, ही दुसरी. केवळ मिळकतीच्या आकड्यांवरून या दोहोंतील फरक ओळखण्यासाठी शेकडो, कधी हजारो स्पर्धा लागतात आणि तोवर प्रतिस्पर्धीही सुधारलेले असतात.

यावर व्यावसायिक खेळाडू निकाल आणि निर्णय यांचा वेगवेगळा विचार करतात. निर्णयाच्या क्षणी उपलब्ध असलेल्या माहितीनुसार तो योग्य होता का, याची तपासणी नंतर संगणकीय प्रणालींच्या साहाय्याने किंवा सहखेळाडूंच्या अभ्यासगटात केली जाते. परिणामावरून निर्णयाचा दर्जा ठरवण्याच्या प्रवृत्तीस खेळाडू 'रिझल्टिंग' म्हणतात. माजी व्यावसायिक खेळाडू अ‍ॅनी ड्यूक यांच्या 'थिंकिंग इन बेट्स' (२०१८) या पुस्तकामुळे ही संज्ञा पोकरबाहेरही पोहोचली.

जिंकलेल्या हातांचीही अशीच तपासणी आवश्यक मानली जाते. चुकीच्या निर्णयानंतर नशिबाने मिळालेला विजय लक्षात राहतो, पण त्यातील चूक झाकली जाते.

## आर्थिक नियोजन

### राखीव रक्कम

केवळ खेळासाठी बाजूला काढलेल्या रकमेस 'बँकरोल' म्हणतात. घरखर्चाची रक्कम तीपासून वेगळी ठेवणे हा व्यवसायातील पहिला नियम समजला जातो. सहा महिने ते एक वर्ष पुरेल इतका घरखर्च वेगळा नसेल, तर भाडे भरण्यासाठी खेळण्याची वेळ येते आणि निर्णयांवर भीतीचा परिणाम होतो.

राखीव रक्कम किती असावी, याचा एक आधार बेल लॅब्जमधील शास्त्रज्ञ जॉन केली यांनी १९५६ साली मांडलेल्या निकषातून मिळतो. या निकषाच्या सरलीकृत रूपानुसार पणाला लावायचा हिस्सा सरासरी नफ्यास प्रचरणाने भागून काढतात. वरील उदाहरणात ०.२ ला २५ ने भागल्यास ०.८ टक्के हे उत्तर येते. म्हणजे १२५ प्रवेश शुल्कांइतकी राखीव रक्कम. सरासरी नफ्याचा स्वतःचा अंदाज बहुधा फुगवलेला असतो. म्हणून सावध खेळाडू याच्या निम्माच हिस्सा लावतात व सुमारे २५० शुल्के हाताशी ठेवतात. क्रिस फर्ग्युसन या खेळाडूने शून्यापासून १०,००० डॉलर उभे करण्याचा प्रयोग केला, तेव्हा अगदी लहान शुल्काच्या स्पर्धा वगळता एका स्पर्धेत एकूण रकमेच्या २ टक्क्यांहून अधिक रक्कम न लावण्याचे बंधन पाळले होते.

राखीव रक्कम घटल्यावर कमी शुल्काच्या स्पर्धांकडे वळणे हे या नियोजनाचे महत्त्वाचे अंग आहे. अनेकांना ते मानहानीचे वाटते. गेलेले पैसे लवकर भरून काढण्यासाठी याउलट अधिक मोठ्या स्पर्धेत उतरणे हे दिवाळखोरीचे नेहमीचे कारण ठरते.

### जोखमीची वाटणी

खेळाडू आपल्या संभाव्य बक्षिसाचा काही भाग आधीच विकतात. उदाहरणार्थ, एक लाख रुपये शुल्काच्या स्पर्धेतील निम्मा हिस्सा १.१ या दराने विकल्यास खेळाडूला ५५,००० रुपये मिळतात आणि उरलेल्या निम्म्या हिश्श्यासाठी त्याचे स्वतःचे ४५,००० रुपये लागतात. त्याचा संभाव्य नफा कमी होतो, पण चढउतारही निम्म्यावर येतात. दोन खेळाडूंनी परस्परांच्या बक्षिसातील ५ किंवा १० टक्के हिस्से अदलाबदल करणे हाही प्रचलित मार्ग आहे.

काही खेळाडूंची सर्व शुल्के एखादा पाठीराखा भरतो आणि नफा वाटून घेतो. अशा करारात झालेला तोटा पुढे ओढला जातो. पुढील बक्षिसांतून तो फिटल्याशिवाय खेळाडूला काहीच मिळत नाही. या थकबाकीस 'मेकअप' म्हणतात. खेळाडूचे स्वतःचे पैसे बुडत नसले, तरी थकबाकी मोठी झाल्यावर तो वर्षानुवर्षे फुकट खेळत असल्यासारख्या स्थितीत अडकतो.

अंतिम टप्प्यात उरलेले खेळाडू कधीकधी परस्पर संमतीने बक्षिसांची फेरवाटणी करतात. त्यासाठी प्रत्येकाच्या चिपांचे पैशांतील मूल्य काढणारे 'आयसीएम' हे गणिती प्रारूप वापरले जाते.

## मानसिक बाजू

### टिल्ट

तोट्यामुळे वा अन्यायाच्या भावनेने खेळाडूचा निर्णयावरील ताबा सुटण्यास 'टिल्ट' म्हणतात. हा शब्द पिनबॉल यंत्रावरून आला आहे. यंत्र जोराने हलवले की ते 'टिल्ट' असा इशारा देऊन बंद पडते. मानसिक प्रशिक्षक जॅरेड टेंडलर यांनी 'द मेंटल गेम ऑफ पोकर' (२०११) या पुस्तकात टिल्टचे अनेक प्रकार सांगितले आहेत. अन्यायाची भावना, स्वतःच्या चुकीचा राग, जिंकण्यावर आपला हक्कच आहे ही समजूत, सूडबुद्धी आणि हताशा ही त्यांची काही मुळे होत. कारण वेगळे असल्यास उपायही वेगळा लागतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

डॅनियल कानेमन व अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणसाला तेवढ्याच रकमेच्या लाभापेक्षा तोटा अधिक तीव्रतेने जाणवतो. बहुसंख्य स्पर्धा तोट्यातच संपत असल्यामुळे स्पर्धक खेळाडूच्या मनावर हा भार रोज पडतो.

खेळाडू त्यावर आधीच नियम ठरवतात: दिवसात किती स्पर्धा खेळायच्या, किती तोट्यानंतर उठायचे, मोठ्या पराभवानंतर किती वेळ नवा डाव सुरू करायचा नाही. नियम शांत असताना लिहून ठेवलेला असला, तरच रागाच्या क्षणी त्याचा उपयोग होतो. झोप, व्यायाम, पोकरबाहेरील मित्र व कुटुंबाशी मोकळा संवाद यांनाही महत्त्व दिले जाते. मानसशास्त्रज्ञ व लेखिका मारिया कोनिकोवा यांनी एरिक सायडेल या अनुभवी खेळाडूच्या मार्गदर्शनाखाली स्पर्धा खेळून त्या अनुभवावर 'द बिगेस्ट ब्लफ' (२०२०) हे पुस्तक लिहिले. नशिबाच्या खेळात माणसाच्या हाती नेमके काय असते, हा त्याचा मुख्य विषय आहे.

### चढाच्या काळातील धोके

अपस्विंगचे धोके कमी चर्चिले जातात. सलग यशामुळे खेळाडू आपल्या कौशल्याचा अंदाज वाढवून घेतो, झेपणार नाहीत अशा स्पर्धांत उतरतो आणि राहणीमान उंचावतो. पुढील उतार आला की वाढलेला खर्च तसाच राहतो. म्हणून मोठ्या बक्षिसानंतर कर, घरखर्च व बचत यांचे वाटे आधी काढून उरलेली रक्कमच बँकरोलमध्ये घालण्याची शिस्त पाळली जाते.

या संदर्भात स्टू उंगार या अमेरिकन खेळाडूचे उदाहरण दिले जाते. त्याने १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीन वेळा वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा जिंकली. तिसऱ्या विजयाच्या वेळी त्याचे शुल्क बिली बॅक्स्टर या पाठीराख्याने भरले होते आणि दहा लाख डॉलरचे बक्षीस दोघांनी वाटून घेतले. मादक पदार्थांचे व्यसन आणि इतर जुगारांवरील पैजा यांत उंगारची कमाई संपली. नोव्हेंबर १९९८ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, लास वेगासमधील एका मोटेलात तो मृतावस्थेत आढळला.

## पटाबाहेरील जोखीम

सर्व चढउतार पत्त्यांमुळेच येत नाहीत. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी न्याय खात्याने मोठ्या पोकर संकेतस्थळांवर कारवाई केली. 'फुल टिल्ट पोकर' या संकेतस्थळाकडे खेळाडूंची शिल्लक परत करण्याइतके पैसे नसल्याचे तेव्हा उघड झाले आणि अनेकांची राखीव रक्कम दीर्घकाळ अडकून पडली. सर्व रक्कम एकाच ठिकाणी न ठेवण्याचा संकेत या घटनेनंतर दृढ झाला.

करआकारणीचाही मोठा परिणाम होतो. ब्रिटनमध्ये जुगारातील कमाईवर खेळाडूला कर द्यावा लागत नाही. अमेरिकेत २०२५ च्या कायद्याने जुगारातील तोट्याची वजावट २०२६ पासून ९० टक्क्यांपर्यंत मर्यादित केली. त्यामुळे प्रत्यक्ष नफा न झालेल्या खेळाडूवरही कर लागू शकतो.

### भारतातील स्थिती

आयकर कायद्यानुसार पत्त्यांच्या खेळांतील बक्षिसांवर ३० टक्के दराने कर आकारला जातो; त्या उत्पन्नातून खर्च वजा करता येत नाही किंवा इतर तोटा वळता करता येत नाही. एखाद्याने वर्षभरात १० लाख रुपये शुल्क भरून एकूण १२ लाखांची बक्षिसे मिळवली, तर त्याचा प्रत्यक्ष नफा दोन लाखांचा असतो. पूर्ण बक्षिसांवर कर धरल्यास तो अधिभार व उपकर सोडून ३ लाख ६० हजार होतो. चांगला खेळाडूही अशा रीतीने तोट्यात जाऊ शकतो. ऑनलाइन खेळांसाठी २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर कर आकारण्याची वेगळी तरतूद करण्यात आली.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला आणि भारतीय पोकर संकेतस्थळांनी असे खेळ बंद केले. गोव्यात कॅसिनोंना कायद्याने परवानगी असून पणजीजवळ मांडवी नदीतील जहाजांवरील कॅसिनोंत पोकर खेळला जातो. ऑनलाइन मार्ग बंद झाल्याने भारतीय व्यावसायिकांना वर्षभरात मिळणाऱ्या स्पर्धांची संख्या घटली, प्रवास व निवासाचा खर्च वाढला आणि सरासरी गाठण्यास लागणारा काळही लांबला.

## टीका आणि मर्यादा

चढउतारांची संकल्पना स्वतःची फसवणूक करण्यासाठीही वापरली जाते, अशी टीका होते. आयोजक प्रत्येक शुल्कातून स्वतःचा वाटा कापून घेत असल्यामुळे सर्व खेळाडूंचा एकत्रित परतावा ऋण असतो. अर्थात बहुसंख्य खेळाडू दीर्घ काळात तोट्यातच राहतात. तरीही तोट्यातील जवळपास प्रत्येक जण स्वतःला दुर्दैवी समजू शकतो, कारण त्याचे म्हणणे खोडून काढण्याइतके निकाल क्वचितच उपलब्ध असतात.

सार्वजनिक नोंदींतूनही अपुरे चित्र उभे राहते. 'द हेंडन मॉब' या संकेतस्थळावरील खेळाडूंच्या कमाईच्या याद्यांत बक्षिसांची बेरीज असते. भरलेली शुल्के, विकलेले हिस्से व प्रवासखर्च वजा केलेले नसतात. दहा लाख डॉलरची बक्षिसे मिळवलेला खेळाडू त्यामुळे प्रत्यक्षात कर्जबाजारीही असू शकतो. व्यवसाय सोडून गेलेल्यांच्या कहाण्याही सहसा नोंदल्या जात नाहीत.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-संहितेत जुगाराच्या विकाराचा समावेश व्यसनांच्या गटात करण्यात आला. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे, खेळाविषयी जवळच्यांशी खोटे बोलणे आणि थांबण्याचे प्रयत्न वारंवार फसणे ही त्याची काही लक्षणे आहेत. अशा स्थितीत राखीव रकमेचे नियम किंवा टिल्टवरील उपाय पुरेसे ठरत नाहीत. खेळ थांबवून वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते.

## हेही पहा

- संभाव्यता
- प्रमाण विचलन
- टेक्सास होल्डम
- वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर
- जुगार